साष्टी देण्याचा अधिकार कोणाचा?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली, ते बेट अडीचशे वर्षांच्या आत दोनदा लष्करी मदतीची किंमत म्हणून दिले गेले. हुमायूनच्या वाढत्या बळाच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई आणि साष्टी पोर्तुगीजांच्या हवाली केली. तीन वर्षांत दीवला तो याच दोस्तांकडून मारला गेला. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली. पुढे पेशवेपद मिळवण्यासाठी रघुनाथरावाने ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात इंग्रजी पलटणींच्या बदल्यात हाच मुलूख लिहून दिला. त्याच्या हाती तेव्हा ना पुण्याची गादी होती ना साष्टी; ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्येच घेतला होता. आपल्या संकटातून सुटण्यासाठी राज्यकर्त्याने स्वतःचे सैन्य, खजिना, वचन जरूर पणाला लावावे. पण माणसांनी भरलेला मुलूख त्याच्या मालकीचा असतो का?

वैदिक यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी हा प्रश्न फार पूर्वी विचारला. विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करायचे असते. मग यजमान राजा असेल तर त्याने पृथ्वीही द्यावी काय? जैमिनीच्या सूत्रांत उत्तर नकाराचे आहे, कारण भूमीशी सर्वांचे नाते सारखेच. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात काशीत लिहिलेल्या ‘व्यवहारमयूखा’त हाच विचार पुढे नेला: राज्य जिंकले तरी शेते-घरे ज्यांची त्यांचीच, राजाला मिळतो तो कर. इंग्रजी अमदानीत मुंबई बेट आणि उत्तर कोकणात हिंदू कायद्यासाठी याच ग्रंथाला अग्रमान मिळाला. तेव्हा प्रजेच्या हक्काची ही कसोटी आपण आजच्या काळातून मागे नेऊन लादत आहोत, असे म्हणता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, नीलकंठाच्याच न्यायाने तहात फक्त करवसुलीचा हक्क हस्तांतरित झाला, कुणाचे शेत गेले नाही. कागदावर हे बरोबर आहे. पण बोरिवलीजवळचे मंडपेश्वराचे शैव लेणे पाहावे. पोर्तुगीज अमलात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी त्याचे चर्च केले, वर मठ उभारला. राज्यकर्ता बदलला की कर तर बदलतोच. शिवाय कोणत्या देवाला आश्रय आणि कोणत्या देवाला बंदी, हेही ठरते. साष्टीतली अनेक कोळी, भंडारी, कुणबी घराणी ख्रिस्ती झाली. त्यांचे वंशज म्हणजे आजचा ‘ईस्ट इंडियन’ ख्रिस्ती समाज. त्यांची श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या जगून त्यांची झाली आहे, ती कोणत्याही तहाचे उरलेसुरले ओझे नव्हे. म्हणूनच १७३७ च्या विजयाचा आपल्याला कितीही अभिमान वाटो, हीच कसोटी मराठ्यांनाही लावली पाहिजे: साष्टीतल्या ख्रिस्ती शेतकऱ्याला तेव्हाही कोणी विचारले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक तहाचा पाया असा उकरत बसलो तर युद्ध थांबेल कधी? वडगावला १७७९ मध्ये हरलेल्या इंग्रजांनी साष्टी परत देण्याचे कबूल केले, वरिष्ठांनी ते नाकारले आणि रक्त पुन्हा सांडले. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडेच ठेवली, आणि पुणे व कंपनी यांच्यात सुमारे वीस वर्षे युद्ध झाले नाही. ही शांतता खरी होती. तिने वाचवलेले जीव मी हलके लेखत नाही. अशा तहाचे पालन दोन्ही दरबारांनी करावे, हेही मान्य. पण शांततेसाठी तह पाळणे आणि तो करणाऱ्याला मुळात अधिकार होता असे मानणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. अधिकार मानला की ज्यांचा मुलूख गेला त्यांचे काहीच देणे उरत नाही. ते देणे मान्य करूनही सीमा पक्की करता येते. २०१५ मध्ये भारत आणि बांगलादेश यांनी एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या १६२ वस्त्यांची अदलाबदल केली, तेव्हा भारताने आधी संविधानात दुरुस्ती केली, आणि कोणत्या देशाचे नागरिक व्हायचे, हे तिथल्या रहिवाशांना विचारण्यात आले.