गाडीचा लळा

२०२२ सालच्या उन्हाळ्यात आमच्या घरी एका मोटारीवरून वाद झाला. मोटार म्हणजे २००२ साली घेतलेली इंडिका, डिझेलवर चालणारी, पांढऱ्या रंगाची, एमएच-१४ ची पाटी लावलेली. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते. ती २०१७ साली संपली तेव्हा आम्ही रीतसर तपासणी करून घेऊन पाच वर्षांची वाढ मिळविली होती. तीही मुदत आता सरत आली होती. त्याच एप्रिलपासून नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजार रुपये झाले होते, शिवाय जुन्या वाहनांवरचा पर्यावरण कर होताच. मुलांचे म्हणणे असे की, गाडी भंगारात द्यावी. आम्हां उभयतांचे म्हणणे काय होते, हे आज नीट सांगता येत नाही. कारण आम्ही फक्त 'बघू' म्हणत होतो.

शेवटी थोरल्या मुलाने विचारले, "एका पत्र्याच्या वस्तूत एवढा जीव कशाला अडकवायचा? आणि वस्तूंवर माया करू नये, हे लहानपणी तुम्हीच आम्हांला शिकवलंत ना?"

प्रश्न चिडून विचारलेला होता, परंतु खोटा नव्हता. निर्जीव वस्तूचा लळा लागणे हा दोष आहे काय? दोष असल्यास तो कोणाविरुद्ध? गाडीविरुद्ध तर नव्हेच. तिला काही कळत नाही. मग देवाविरुद्ध, की शेजाऱ्याविरुद्ध? पुढे कित्येक दिवस हा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मैत्रीची चर्चा करताना निर्जीव वस्तूंचा निकाल थोडक्यात लावला आहे. वस्तूशी मैत्री संभवत नाही, कारण ती उलट प्रेम करीत नाही आणि आपणही तिचे भले चिंतीत नाही. मद्याचे कल्याण व्हावे असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. फार तर ते टिकावे असे वाटते, तेही आपल्याला मिळावे म्हणून, असा त्याचा आशय आहे. ही कसोटी आम्ही स्वतःस लावून पाहिली. पावसाळ्यात ताडपत्री घालणे, दर रविवारी काचा पुसणे, टायरची हवा पाहणे, हे सारे त्या मद्य टिकविण्यासारखेच होते, हे कबूल करणे भाग आहे. पण एक गोष्ट मात्र त्या कसोटीत बसत नाही. शेवटच्या दोन-तीन वर्षांत आम्ही ती गाडी क्वचितच बाहेर काढत होतो. गुडघे दुखत, डोळ्यांना रात्री दिसत नसे. उपयोग उरला नव्हता, तरी ती दाबयंत्राखाली जाणार या कल्पनेने घशाशी काहीतरी येई. जे आपण पिणार नाही ते मद्य टिकावे असे वाटणे, याला काय म्हणावे?

संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहावयास घेतलेल्या एका ग्रंथात याहून जवळचा दृष्टान्त दिला आहे. काही गोष्टी वापरण्यासाठी असतात आणि काही त्यांच्यातच विसावण्यासाठी, असा भेद ते करतात. तो समजावताना ते स्वदेशी परत निघालेल्या प्रवाशाचे उदाहरण घेतात. वाटेतील रम्य देखावे आणि वाहनाची सुखद गती यांतच तो इतका रमतो की, घरी लवकर पोहोचावे असे त्याला वाटेनासे होते. हा दृष्टान्त प्रथम वाचला तेव्हा आम्हांस हसू आले. मोटारीच्या जन्माआधी दीड हजार वर्षे मोटारवाल्याचे दुखणे त्यांनी अचूक ओळखले होते. प्रभूच्या घराकडे निघालेल्या माणसाने गाडीच्या आसनावरच बिऱ्हाड करू नये, हे कोणासही पटेल. पण वापराच्या या भाषेतही एक धोका आहे, तो या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्यांस इतरांपेक्षा लवकर दिसतो. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

आमचे घराणे मूळचे नगरकडचे. तेव्हाच्या अहमदनगर आणि जालना जिल्ह्यांतून आपली कितीतरी कुटुंबे कामाच्या शोधात पिंपरी-चिंचवडला आली, त्यांतलेच आम्ही. आमच्या वडिलांनी म्हातारा झालेला बैल विकला नाही. दाराशी बांधून त्याला मरेपर्यंत वैरण घातली. गावात पोळ्याला बैलांची शिंगे रंगत, तेव्हा त्या निकामी बैलाचीही रंगत. त्यात काहीच भाबडेपणा नव्हता. बैलाला भूक लागते, चाबूक लागतो, आणि त्याने राबून दिलेले असते. त्याचे काही देणे आपण लागतो. गाडीचे आपण काय लागतो? तिला वेदना नाही. म्हणजे जो लळा लागला, तो कोणत्याही ऋणाचा नव्हता, असे मानावे लागते. पण येथेच, पिंपरीत राहणाऱ्याच्या मनात शंका येते.

इतर गावी मोटार दुकानातून येते. आमच्याकडे ती शेजारच्या माणसाच्या हातून येते. अकोल्याच्या किंवा रत्नागिरीच्या माणसाला आपली गाडी कोठे, कोणी जोडली हे सांगता येणार नाही. आमच्या गल्लीत पहाटे बस थांबली की, ती जोडणारी माणसे जेवणाचे डबे घेऊन चढताना दिसत. इंडिकाची हकीकत तर या भागातील बहुतेकांना तोंडपाठ आहे. १९९८ च्या जानेवारीत दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ती प्रथम दाखविली गेली. त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला तिचे विधिवत अनावरण झाले आणि आठवडाभरात लाखावर लोकांनी पैसे भरून नोंदणी केली. ती जोडण्यासाठी ऑस्ट्रेलियातील निस्सानचा एक बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, तेथे जाऊन, सुटा सुटा करून जहाजाने आणला आणि येथे पुन्हा उभा केला. बाह्यरूप तुरीनच्या एका संस्थेच्या मदतीने ठरले, परंतु गाडी भारतीय अभियंत्यांची म्हणूनच ओळखली गेली. पहिल्या गाड्यांविषयी तक्रारी आल्या. २०००-०१ या वर्षी कंपनीला सुमारे पाचशे कोटींचा तोटा झाला. २००१ साली सुधारलेली 'व्ही टू' निघाली आणि मग ती रुळली. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. रतन टाटा यांनी २०२३ च्या जानेवारीत, या गाडीला पंचवीस वर्षे झाली म्हणून, तिच्याशेजारी उभे असलेले आपले जुने छायाचित्र प्रसिद्ध केले आणि सोबत तिच्याविषयी चार मायेचे शब्द लिहिले. पुढच्याच वर्षी ते गेले. ज्याच्यापाशी काहीही कमी नव्हते त्यालाही एका साध्या गाडीचा लळा सोडवला नाही, ही गोष्ट आम्ही मुलाला ऐकविली. तो म्हणाला, "त्यांना परवडतं."

वाहनांना माणसांची आणि प्राण्यांची नावे देण्याचीही या पट्ट्यात रीत आहे. १९७२ पासून आकुर्डीच्या बजाजने जी स्कूटर घरोघर पोहोचविली तिला राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव होते. चेतकसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि नोंदणीची पावती लग्नाच्या बोलणीत काढली जाई. १९९४ च्या सुमोचे नाव तर सुमंत मुळगावकर यांच्या नावातील पहिल्या अक्षरांपासून केलेले. टेल्कोचा पिंपरीचा कारखाना त्यांनी वसविला. झाडे लावून घेतली, तळे केले. गाडी रस्त्यावर आली तेव्हा त्यांना जाऊन पाच वर्षे झाली होती. सुमोत दाटीवाटीने बसून चाकण-राजगुरुनगर जाणाऱ्या किती प्रवाशांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

आता जे लिहावयाचे आहे ते लिहिताना संकोच वाटतो.

आमची गाडी दारात आली त्या दिवशी फादरांनी मिस्सेनंतर बाहेर येऊन तिच्यावर पवित्र पाणी शिंपडले. आम्ही संत ख्रिस्तोफरचे पदक डॅशबोर्डवर चिकटविले. (१९६९ साली या संताचा सण सार्वत्रिक पंचांगातून कमी केला गेला, पण प्रवाशांनी त्याला रजा दिलेली नाही.) पुढच्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री साडेअकराला शेजारच्यांनी दार वाजविले. हे गृहस्थ गाड्यांचे दरवाजे बसविण्याच्या कामावर होते. आमची गाडी आली तेव्हा त्यांनी चारही दारे लावून-उघडून पाहिली होती आणि "ही आमच्याच लाइनवरची" असे समाधानाने म्हटले होते. त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. "दादा, गाडी काढता का?" बाहेर चिखल होता. आसनांची नवी खोळ दोनच दिवसांपूर्वी घातलेली होती. आम्ही म्हणालो, "बॅटरी उतरलीय हो."

त्यांनी कोठून तरी रिक्षा मिळविली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण आम्ही बोललो ते बोललोच. पापनिवेदनाच्या वेळी ते सांगितले. शेजाऱ्यांना सांगण्यास मात्र नऊ वर्षे लागली. २०१२ साली ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या ओट्यावर बसून, चहा हातात असताना, आम्ही ते सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठाऊक आहे दादा. दुसऱ्या दिवशी रविवार होता. तुम्ही दोघं गाडीतूनच चर्चला गेलात."

ऑगस्टीन यांचा प्रवासी वाहनात रमून घर विसरला. आम्ही वाहनात रमून शेजारचे दार विसरलो होतो. लळा त्या रात्री पापाच्या बाजूने उभा होता, आणि तोच लळा, त्याच गाडीचा, हे विसरता येत नाही. म्हणून वस्तूवरची माया निरागस असते, असे कोणी म्हणाले की आम्ही गप्प बसतो.

त्या चहानंतरच्या सप्टेंबरात शेजारी आमच्याबरोबर हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आले. तेथे सर्व धर्मांचे लोक येतात, त्यामुळे त्यांना काही वावगे वाटले नाही. चाकणवरून शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर करीत नगरमार्गे श्रीरामपूरपर्यंत, मागच्या आसनावर त्यांच्या मांडीवर त्यांचा नातू. होय, तोच, नऊ वर्षांचा. सुप्याच्या पुढे त्याला गाडी लागली आणि त्याने ती खोळ खराब केली. आमच्या मंडळींनी ती पदराने पुसली. पुढे ती यात्रा दरवर्षीचीच झाली. रात्री-अपरात्री गल्लीतील कोणाला दवाखाना गाठावयाचा असेल तर किल्ली खिळ्याला टांगलेली असे. याचे श्रेय आम्ही घेत नाही. लाज वाटली म्हणून झालेली गोष्ट आहे ती.

आता वापराच्या भाषेतील धोक्याविषयी. जे वापरासाठी आहे ते वापर संपला की टाकावे, हा नियम वस्तूंना लागू करणे सोपे आहे. पण आमच्या या पट्ट्यात तो वस्तूंपाशी थांबत नाही. जवळच तळेगावला २००८ साली जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. २०१७ साली कंपनीने भारतात गाड्या विकणे बंद केले आणि २०२० च्या डिसेंबरात त्या कारखान्याचे काम थांबले. हजाराहून अधिक कामगार कित्येक महिने दाद मागत राहिले. तेथे बनलेल्या गाड्या रस्त्यांवर अजून दिसतात आणि त्यांच्यावरही कोणाचा तरी लळा असेल. चाकणच्या चौकात सकाळी सहा महिन्यांच्या, अकरा महिन्यांच्या कंत्राटावरची पोरे बसची वाट पाहत उभी असतात. आपण ज्या गाडीला प्रेमाने हात लावतो तिच्या दारावर यांतील कोणाचा तरी हात आधी लागलेला असतो, आणि त्याच्याविषयी आपण एकदाही चौकशी केलेली नसते. आम्ही बैलाचे ऋण मानले आणि गाडीचे नाही म्हणालो, ते पुरते खरे नव्हते. गाडीमागे राबलेले कोणी तरी असतेच. ते दारात बांधलेले नसते एवढेच. लळा जर त्या माणसापर्यंत पोहोचत असेल, तर तो वाईट आहे असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. पण बहुतेक वेळा तो बॉनेटच्या चकाकीपाशीच थांबतो. आमचा वीस वर्षांपैकी निदान नऊ वर्षे थांबला होता.

अखेर निर्णय झाला तो ना ॲरिस्टॉटलमुळे, ना मुलांच्या हिशेबामुळे. जूनमध्ये एका सकाळी गाडी सुरू केली. जुने डिझेल इंजिन. काळा धूर निघाला आणि गल्लीत वर्षभरापूर्वी आलेल्या कुटुंबातील म्हाताऱ्या बाईंनी दारातून पदर नाकाशी धरला. त्यांना दम्याचा त्रास आहे. त्या काही बोलल्या नाहीत. आम्ही इंजिन बंद केले आणि त्याच दुपारी मुलाला फोन करून सांगितले की, भंगार केंद्राची व्यवस्था कर.

गाडी न्यायला माणसे आली तेव्हा संत ख्रिस्तोफरचे पदक काढून घेतले. जेथे ते होते तेथे डिंकाचा पिवळा गोल डाग उरला. डिकीत छत्री, हरेगावच्या मेणबत्त्यांची अर्धी पुडी आणि एका पायाचा लहान मुलाचा बूट निघाला. बूट कोणाचा, ते काही आठवेना. नेणारा मुलगा घाईत होता. "आजी, अजून काही राहिलंय का बघून घ्या," म्हणाला.

इतक्यात शेजारी काठी टेकत आले. आमच्याशी न बोलता त्यांनी चालकाच्या बाजूचे दार उघडले, अर्ध्यावर धरले आणि सोडून दिले. दार लागल्याचा आवाज झाला. त्यांनी मान थोडी कलती करून तो ऐकला. मग पुन्हा एकदा उघडून लावले.

"बरोबर बसतंय अजून," ते म्हणाले, आणि त्या मुलाला हाताने खूण केली की ने.