मागवलेलं दर्शन

दत्त संप्रदायात दृष्टांताला मोठं स्थान आहे. जागेपणी न सुटलेला प्रश्न महाराज स्वप्नात सोडवतात, ही आपल्याकडची जुनी श्रद्धा. श्रीगुरुचरित्राचा आरंभच पाहा ना. नामधारक गुरूच्या ओढीने व्याकूळ होऊन निघतो, वाटेत थकून झोपतो आणि स्वप्नात त्याला योगी दिसतात. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी मंत्र दिला तो स्वप्नात. बहिणाबाईंवर कोल्हापुरात तुकोबांची कृपा झाली, तीही स्वप्नातच. आमच्या मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची जी कथा सांगतात, तिच्यातही मूर्तीचा ठावठिकाणा स्वप्नातूनच कळतो.

या सगळ्या स्वप्नांत एक गोष्ट सारखी आहे. ती पडली, कुणी पाडली नाहीत. पाऊस पडतो तसं स्वप्न पडतं, असं आपण म्हणतो ते उगीच नाही. पण स्वप्न आपल्या हातात आलं तर? झोपेतच कळलं की हे स्वप्न चाललंय, आणि हवं त्याला समोर उभं करता आलं, तर त्या दर्शनाची किंमत काय?

हा प्रश्न हवेतला नाही. अशा स्वप्नाला लुसिड ड्रीम म्हणतात. हे नाव फ्रेडरिक व्हान ईडन या डच डॉक्टरांनी १९१३ साली रूढ केलं. पुढे १९७५ साली इंग्लंडमधल्या हल इथे कीथ हर्न यांनी प्रयोगशाळेत त्याचा पुरावा मिळवला. स्वप्नाच्या झोपेत शरीर लुळं पडलेलं असतं, डोळे मात्र हलतात. झोपणाऱ्याशी आधीच ठरलं होतं, की भान आलं की डोळे ठरावीक वेळा डावीउजवीकडे फिरवायचे. झोप गाढ चालू असताना यंत्राच्या कागदावर ती खूण उमटली. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनीही हेच स्वतंत्रपणे दाखवून दिलं. आपल्याला यात फारसं नवल वाटू नये. तिबेटी साधकांचा स्वप्नयोग कित्येक शतकांचा आहे. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीया असा विचार आहे, तर पतंजलींनी स्वप्नातलं ज्ञानही मन स्थिर करायला आलंबन होऊ शकतं असं म्हटलं आहे.

माझा भाचा नागपूरला शिकतो. त्याने मला ही रीत सांगितली. उठल्याबरोबर स्वप्न वहीत टिपायचं. दिवसातून आठ-दहा वेळा थांबून स्वतःला विचारायचं, 'मी आत्ता जागा आहे का?' मग हाताची बोटं मोजायची, किंवा एखादी पाटी दोनदा वाचायची. स्वप्नात बोटं बरेचदा चुकतात आणि पाटीवरची अक्षरं बदलतात. झोपताना मनाशी घोकायचं, की आता स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल. स्वप्नाची झोप उत्तररात्री जास्त असते. काकड्याला उठायची सवय असल्यामुळे मला ते सोयीचं पडलं. (ज्यांची झोप मुळात कमी आहे किंवा मनाचा आजार आहे, त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.)

तिसऱ्या आठवड्यात भान आलं. मालेगावच्या बसस्टँडवर उभा होतो. गाडीवरची पाटी 'कारंजा' अशी वाचली, पुन्हा पाहिलं तर भलतीच अक्षरं. हाताकडे पाहिलं, सहा बोटं. 'अरे, हे तर सपन आहे!' असं म्हणालो आणि त्या आनंदाच्या भरातच जाग आली. नवख्यांचं असंच होतं म्हणे. आनंद आवरला नाही की स्वप्न फुटतं. दुसऱ्या खेपेला तळहात एकमेकांवर घासत राहिलो, तेव्हा थोडा वेळ टिकलो. सोयाबीनच्या वावरावरून उडत गेलो. खोटं कशाला सांगू, फार मजा आली.

तिसऱ्या खेपेला वडिलांना बोलावलं. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. एक युक्ती अशी, की दाराआड माणूस आहे असं पक्कं धरायचं आणि दार उघडायचं. मी दार उघडलं. बाबा ओट्यावर बसले होते, तसेच, धोतराचा सोगा मांडीवर घेऊन. मी विचारलं, 'बाबा, वावराची वाटणी बरोबर झाली ना?' ते म्हणाले, 'बरोबर झाली.' जाग आली तेव्हा उशी ओली होती.

भेट गोडच होती. पण दिवसभर एक गोष्ट मनात सलत राहिली. दार मी उघडलं, माणूस मी आणला, प्रश्न माझा, मग उत्तर कोणाचं? मला जे ऐकायचं होतं, नेमकं तेच बाबा बोलले. धाकट्या भावाला मी जाऊन सांगितलं असतं, 'बाबा सपनात आले होते, वाटणी बरोबर म्हणाले,' तर त्याने हात जोडले असते आणि पुढे एक शब्द काढला नसता. दृष्टांताचं बळ इतकं मोठं असतं. म्हणूनच ते मी सांगितलं नाही. उलट त्यालाच जाऊन विचारलं, 'तुह्या मनात काही आहे काय रे?' तो बराच वेळ गप्प राहिला. मग विहिरीच्या पाळीचं बोलला, की उन्हाळ्यात पाणी कमी झालं की त्याची पाळी कोरडी जाते. ही गोष्ट बाबांनी स्वप्नात सांगितली नव्हती. कशी सांगतील? ती मला ठाऊकच नव्हती. पाळीचे दिवस आम्ही बदलून घेतले.

मागवलेल्या दर्शनाची मर्यादा मला इथे दिसली. ते मला माझ्यापलीकडचं काही देऊ शकत नाही. अवधूतांच्या चोवीस गुरूंमध्ये कोळी आहे; आपल्याच पोटातून धागा काढतो, त्यावर खेळतो आणि शेवटी तोच गिळतो. परमेश्वर विश्व कसं रचतो हे अवधूत त्याच्याकडून शिकले. भानाच्या स्वप्नात आपण तेवढ्या वेळेपुरते तो कोळी होतो. आपल्याच धाग्यावर बसून 'हा आवाज वरून आला' असं म्हणणं हे मात्र असत्य.

कुणी म्हणेल, मग मानसपूजाही खोटी का? तिथेही मूर्ती आपणच मनात उभी करतो. शंका रास्त आहे. पण फरक बघा. मानसपूजेत आपण देवाला स्नान घालतो, फूल वाहतो, नैवेद्य दाखवतो. देवाच्या तोंडी शब्द घालत नाही. मूर्ती आपल्या मनातली असली तरी तिच्यापुढे वाकणारं मस्तक खरं असतं. भानाच्या स्वप्नात नमस्कार करावा, नाम घ्यावं, यात काही वावगं नाही. महाराजांना बोलावून त्यांच्याकडून निवाडा वदवून घ्यावा, हे मात्र मला पटत नाही. भान असूनही मी आजवर ते केलेलं नाही.

दुसरी शंका याहून अवघड आहे. आपोआप पडलेलं स्वप्नही मनातूनच येत असेल, तर दृष्टांत खरा कोणता हे ओळखायचं कसं? मला यंत्रात पाहायची खूण सांगता येत नाही. पण आपल्या कथांत एक खूण दिसते: त्या स्वप्नाचं मोल कोण चुकवतो? हरिश्चंद्राने स्वप्नात राज्य दिलं आणि जागेपणी स्वतः सिंहासनावरून उतरला. तारामती आणि रोहिदासाचे हाल त्या कथेत झाले, हे मला नेहमी टोचतं. पण राजाने स्वतःला त्यातून वगळलं नाही, डोंबाघरी पाणी भरलं. नामधारकाला दर्शन झालं तेव्हा तो लोकांना गोळा करायला गेला नाही. उठला आणि चालू लागला, म्हणून पुढे सिद्धमुनी भेटले. ज्या दृष्टांताचा लाभ मला आणि खर्च दुसऱ्याला, तो शंभर वेळा तपासावा. 'महाराजांनी सपनात सांगितलं, अमुक जागा द्या, तमुक रक्कम द्या,' असं कुणी म्हणालं तर नम्रपणे म्हणावं, 'मला सांगतील तेव्हा देईन.'

स्वप्नातल्या कर्माचा दोष लागतो का, हे कोडंही जुनं आहे. पश्चिमेकडच्या संत ऑगस्टीन यांनाही ते सुटत नव्हतं. बेभान स्वप्नाचा दोष मी कोणाला लावणार नाही. पण भान आलं की निवड आली. तिथे कुणाला इजा होत नाही हे खरं, पण करणारा तोच असतो. अवधूतांचा शेवटचा गुरू कुंभारमाशी. जिचं चिंतन करावं तसाच किडा होतो. रात्री भान असताना रोज ज्याला कुणाला शिव्या देऊ, त्याच्याशी दिवसा गोड बोलणं जड जाईल.

आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मावशींना हे सगळं सांगितलं. पारायणाच्या सप्ताहात त्या नेमाने येतात. त्या म्हणाल्या, 'बाप्पा, सपनात जागं राहाचं तू शिकला, चांगलं झालं. आता जागेपनी जागं राहाचं शीक.' दिवसातून आठ-दहा वेळा थांबून 'मी जागा आहे का?' असं विचारायची जी सवय या नादाने लागली, ती आता बोटं मोजण्यापुरती उरलेली नाही. कुणाशी वाद चालला असताना, बाजारात भाव करताना, घरात आवाज चढला असताना ती आठवते. अशा वेळी बोटं पाच भरतात, पण जागेपणाची खात्री होत नाही. मग नाम घेतो. या साधनातून एवढं हाती लागलं तरी मी ते महाराजांचंच देणं मानतो.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!