दस्तरखानावर कोण, दारात कोण?

ईदुल फित्रच्या सकाळी मानवतमध्ये शीरखुर्म्याची वाटी येईल त्याच्यासमोर ठेवली जाते. रात्रीच्या दावतीला मात्र यादी असते. कापसाच्या व्यापाऱ्याला दस्तरखानावर जागा मिळते, त्याच्या गाठी वाहणाऱ्या हमालाला डबा, तोही दारातच. श्रीमंतांना बोलावून गरिबांना वगळणारे वलीम्याचे जेवण हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या रिवायतीत सर्वांत वाईट अन्न ठरले आहे. ईदच्या दावतीला हाच निकष का लागू नये?

परीक्षा पाहुण्याचीही आहे. बकरीच्या पायाचे आमंत्रणही प्रेषित (स.) स्वीकारण्यास तयार असत. हमालाने बोलावले, तर आपण जातो का? गेलोच, तर प्रेषितांच्या घरच्या पाहुण्यांना सूरह अहजाबमध्ये (33:53) बजावले आहे तसे, जेवण होताच उठावे. त्याच्या घरात खोली बहुधा एकच असते.