‘म्हणे’ या शब्दाचे भय



कारखान्यात किंवा कचेरीत काही उलथापालथ होणार अशी कुणकुण लागली, की सर्वांत आधी पीक येते ते ‘म्हणे’ या शब्दाला. कंपनी विकली जाणार म्हणे. पहिल्या तारखेला शंभर जणांची यादी लागणार म्हणे. यादीत आपल्याच लोकांची नावे वर आहेत म्हणे. सांगणाऱ्याला विचारावे, तुला कोणी सांगितले? तो दुसऱ्याचे नाव घेतो, दुसरा तिसऱ्याचे. आणि तिसरा म्हणतो, व्हॉट्सअ‍ॅपवर आले होते. तोवर संध्याकाळी घरी गेलेल्या माणसाचा घास गळ्याखाली उतरत नाही, मुलाच्या फीचा विषय निघाला की तो खेकसतो, आणि बायको काही न बोलता भांडी घासत राहते.

ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणाऱ्याने आपल्या वस्त्यांचा इतिहास वाचलेला नाही. आपल्यापैकी कित्येक घरांत पहिली पक्की नोकरी लागली ती रेल्वेत, पोस्टात, नगरपालिकेत, बँकेत नाही तर ऑर्डनन्स फॅक्टरीत. त्या एका पगारावर धाकट्या भावंडांची शिक्षणे झाली, कूड जाऊन भिंती आल्या. त्या नोकरीला हादरा बसतो तेव्हा केवळ पगार हलत नाही, दोन पिढ्यांनी कमावलेली ताठ मान हलते.

ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांचेच उदाहरण घ्या. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ बरखास्त झाले आणि त्याच्या ४१ कारखान्यांची सात सरकारी कंपन्यांत वाटणी झाली. खडकी, देहूरोड, भंडारा, वरणगाव येथील कारखाने एका कंपनीकडे गेले, अंबाझरी आणि भुसावळचे दुसऱ्या कंपनीकडे. कामगार महासंघांनी विरोध केला. संपाला बंदी घालणारा कायदाही त्याच वर्षी आला. कर्मचाऱ्यांना प्रथम दोन वर्षांसाठी नव्या कंपन्यांत प्रतिनियुक्तीवर मानण्यात आले, पुढे ती मुदत वाढवावी लागली. वीस-पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाला आपण नेमके सरकारचे की कंपनीचे हे सांगता येईना, अशी ही अवस्था. अशा अवस्थेत ‘म्हणे’ फोफावणार नाही तर काय? खरी माहिती जेथे वेळेवर मिळत नाही तेथे अफवा ती जागा घेते. त्याचा दोष एकट्या कामगाराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

परंतु दोष कोणाचा हे ठरल्याने रात्रीची झोप येत नाही. म्हणून धम्म काय सांगतो ते पाहू.

कोसल देशात केसपुत्त नावाचे गाव होते. तेथील कालाम लोकांनी तथागतांपुढे एक अडचण मांडली. निरनिराळे श्रमण-ब्राह्मण गावात येतात, आपले मत खरे म्हणतात, दुसऱ्याचे मोडीत काढतात. आम्ही कोणाचे खरे मानावे? यावर तथागतांनी त्यांना प्रथम काय सांगितले, हे फार थोडे लोक ध्यानात ठेवतात. ज्या ठिकाणी शंका यावी त्याच ठिकाणी तुम्हाला शंका आली आहे, तुमचे शंका घेणे योग्यच आहे, असे ते म्हणाले. गोंधळलेल्या माणसाला त्यांनी झिडकारले नाही. त्यानंतर कशाकशाच्या आधारावर एखादी गोष्ट खरी मानू नये याची दहा स्थाने त्यांनी सांगितली. त्यांत पहिले ‘अनुस्सव’, म्हणजे ऐकीव गोष्ट. दुसरे परंपरा. आणि तिसरे ‘इतिकिरा’. ‘इति किर’ म्हणजे ‘असे आहे म्हणे’! आपल्या मराठीतला ‘म्हणे’ अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी नेमका हेरून ठेवला होता. पुढे आणखी एक स्थान येते, ‘भब्बरूपता’. सांगणारा माणूस वजनदार, जाणता दिसतो म्हणून त्याचे खरे मानू नये. साहेबाच्या केबिनमध्ये चहा नेणारा शिपाई, हेडक्लार्क, युनियनच्या पुढाऱ्याचा मेहुणा, हे सारे या स्थानात बसतात.

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते करायलाच हवे. ऐकीव गोष्टीने काय घडते हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्यात पगार चांगला होता, पण तेथे आपल्या माणसांना प्रवेश नव्हता. का? तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा विटाळतो म्हणे! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे खडसावून मांडला. विटाळ कोणी डोळ्यांनी पाहिला होता? कोणीही नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या एका ‘म्हणे’वर हजारो माणसांची भाकरी अडवली गेली होती. ज्या समाजाने हे सोसले त्याने दुसऱ्याबद्दलचा ‘म्हणे’ पुढे सरकवताना दहा वेळा विचार करावा, अशी अपेक्षा करणे गैर होणार नाही.

जातकात एक कथा आहे. (जातककथा म्हटल्या की आपल्यातील काही सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. पुनर्जन्माचा भाग बाजूला ठेवा, शहाणपण तर घ्याल?) ताडाच्या रोपाखाली ससा पडला होता. पृथ्वी दुभंगली तर आपले काय होईल, असा विचार त्याच्या मनात यायला आणि पिकलेले बेलफळ ताडाच्या पानावर आदळायला एकच गाठ पडली. ससा पळत सुटला. त्याच्यामागे ससे, मग हरणे, डुकरे, रेडे, गेंडे, हत्ती. सिंहाने त्यांना अडवले आणि एकच प्रश्न विचारला, पृथ्वी दुभंगताना कोणी पाहिली? हत्ती म्हणाले, आम्हाला ठाऊक नाही, दुसऱ्यांना विचारा. असे मागे मागे जात गोष्ट सशाशी येऊन थांबली. सिंहाने सशाला रागावून हाकलले नाही. त्याला पाठीवर घेतले, त्या जागी नेले आणि खाली पडलेले फळ दाखवले. आपल्या कचेरीतही अफवा पसरवणारा बहुतेक वेळा दुष्ट नसतो, तो भ्यालेला असतो. त्याला घेऊन नोटीस बोर्डापर्यंत चालत जावे.

मात्र प्रत्येक अफवा भ्यालेल्या सशाचीच असते असे समजणे भाबडेपणाचे होईल. काही अफवा मुद्दाम पेरल्या जातात. वज्जींची कथा त्यासाठी सांगितली पाहिजे. वज्जी वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने जमतात आणि एकोप्याने उठतात, तोवर त्यांची वृद्धीच होईल, हानी होणार नाही, असे तथागत म्हणाले होते. मगधाचा अमात्य वस्सकार हे ऐकत होता. त्याने त्यातून उलटा धडा घेतला : युद्धाने हे जिंकले जाणार नाहीत, फूट पाडली तरच. पुढची हकीकत अट्ठकथेत येते. राजाशी खोटे भांडण करून वस्सकार वैशालीत आश्रयाला गेला आणि लिच्छवी कुमारांचा शिक्षक बनला. मग तो एखाद्या कुमाराला बाजूला घेई आणि कानात विचारी, लोक शेत नांगरतात ना? हो. दोन बैल जुंपून ना? हो. बस, एवढेच. तो कुमार परत आला की बाकीचे विचारत, आचार्य काय म्हणाले? तो खरे तेच सांगे. कोणाचा विश्वास बसत नसे. एवढ्यासाठी कोणी बाजूला नेते काय? हा काहीतरी लपवतो आहे! तीन वर्षांत असे झाले की दोन लिच्छवी एका वाटेने चालेनात. अजातशत्रू आला तेव्हा नगारा वाजला, पण कोणीही बाहेर पडले नाही. वेशी उघड्याच होत्या.

आता आपल्या खात्यात डोळे उघडे ठेवून पाहा. साहेबाने एकाला केबिनमध्ये बोलावून दहा मिनिटे बसवून घेतले की बाहेर त्याचे नाव ‘साहेबाचा माणूस’ पडते. त्याला कदाचित रजेचा अर्ज नीट भरायला सांगितले असेल! कोट्यातले आधी जाणार, असे एकाच्या कानात सांगितले जाते, आणि कोट्यातल्यांना हात लावणार नाहीत, तुम्हीच जाणार, असे दुसऱ्याच्या. दोन्ही वाक्ये एकाच तोंडातून निघू शकतात. त्यानंतर ते दोघे युनियनच्या सभेत शेजारी बसत नाहीत. एवढे साधले की नगारा वाजला काय आणि न वाजला काय!

मग करायचे काय? सांगणाऱ्याला शांतपणे तीन गोष्टी विचाराव्या : तू स्वतः पाहिलेस का, कागद कोठे आहे, त्यावर तारीख आणि सही कोणाची आहे? कागद नसेल तर ती गोष्ट आपल्यापाशीच थांबवावी. कागद असेल तर तो पूर्ण वाचावा, एकट्याने नव्हे, चौघांनी मिळून. लढायचे असेल तर कागदावर लढता येते, ‘म्हणे’वर लढता येत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते, आणि त्यांनी कामगाराला जे दिले ते कायद्याच्या शब्दांत दिले. आठवड्याचे ५४ तास १९४६ मध्ये ४८ वर आले ते कायद्याने आले. सेवाशर्ती बदलण्यापूर्वी मालकाने २१ दिवसांची नोटीस द्यावी, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. मात्र कारखाना बंद करण्यास सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली आहे. म्हणजे दीडशे-दोनशे कामगारांच्या कारखान्यातील माणसाची काळजी खरी आहे. त्याने ती चहाच्या टपरीवर नव्हे, युनियनमध्ये आणि वकिलाकडे मांडावी.

दोन बाणांचा दृष्टांत आपण ऐकला असेल. पहिला बाण शरीराला लागतो. अज्ञ माणूस शोक करून, ऊर बडवून दुसरा बाण स्वतःच्या मनात रुतवून घेतो. कंपनीतला बदल हा पहिला बाण, तो चुकवणे आपल्या हाती असेलच असे नाही. दुसरा बाण कोणता ते वस्तीत फिरले की दिसते. यादी लागण्याआधीच एकजण दारूच्या गुत्त्यावर सापडतो. दुसरा बदली थांबवून देतो म्हणणाऱ्या दलालाला बायकोचे डोरले मोडून पैसे देतो. तिसरा केवळ ऐकीव गोष्टीवर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊन मोकळा होतो, आणि एकदा मंजूर झालेला तो अर्ज परत घेणे किती कठीण असते हे त्याला नंतर कळते. आणि चौथा! बावीस प्रतिज्ञा घेतलेला हा चौथा माणूस चोरून ज्योतिषाकडे जातो आणि बोटात खड्याची अंगठी घालून येतो. विचारले तर म्हणतो, घरच्यांच्या समाधानासाठी. अरे, हेडक्लार्कला जे ठाऊक नाही ते शनीला कसे ठाऊक असेल? ज्योतिषी म्हणजे तरी काय, फी घेऊन सांगितलेला ‘म्हणे’च. अंगठीचे ते पैसे पोस्टात टाकले असते तर निदान दोन महिन्यांचे रेशन निघाले असते.

हे मी चेष्टेने म्हणत नाही. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवावा. आजच्या भाडे-फीच्या काळात चौथा हिस्सा उरणे अवघड आहे, हे मला कळते. चौथा नाही तर दहावा. जयंतीला कर्ज काढून डीजे लावणाऱ्या तरुण मंडळींनी हे सुत्त एकदा तरी वाचावे, अशी माझी विनंती आहे. ज्याच्या घरी तीन महिन्यांचे धान्य आणि भाडे शिल्लक आहे, त्याच्या कानात शिरलेली अफवा पोटापर्यंत पोहोचत नाही.

घरात काय बोलावे, हेही उपासिका विचारतात. सम्यक वाचा म्हणजे सगळे लपवून ठेवणे नव्हे. नवऱ्याने बायकोला जेवढे ठाऊक आहे तेवढे स्पष्ट सांगावे, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असेही सांगावे. मुलांना समजेल एवढे मुलांनाही सांगावे. न सांगितल्याने ती शांत राहत नाहीत, मनात स्वतःचे ‘म्हणे’ तयार करतात.

शेवटी एक गोष्ट राहते, आणि ती पक्क्या नोकरीवाल्यांना उद्देशून आहे. कारखान्याच्या त्याच फाटकातून कंत्राटी सफाई कामगार स्त्रिया आत येतात. त्यांत आपल्या वस्तीतल्या पुष्कळ असतात. त्यांना कोणी नोटीस देत नाही, कोणी सभेला बोलावत नाही. एके सकाळी कंत्राटदार बदललेला असतो. बोर्डावर जो कागद लागतो तो बहुतेक इंग्रजीत असतो. रविवारी वंदना झाल्यावर पाऊण तास विहारातच बसावे, ज्याच्या कारखान्यात जो कागद लागला असेल त्याची नक्कल आणावी, आणि ज्याला वाचता येते त्याने तो मराठीत सर्वांना समजावून सांगावा. त्या स्त्रियांना आधी निरोप द्यावा, म्हणजे त्यांना पाळी बदलून घेता येईल.