वहीतलं ‘नाही’

वहीत फक्त तारीख, वजन आणि एक शब्द लिहायचा, असं भाचीने बजावून ठेवलंय. गेल्या पाच गुरुवारांपुढे एकच शब्द आहे : नाही.

एखादा शब्द इतका जपून मी कधी लिहिला नव्हता.

ती पुण्यात नोकरीला. कामानिमित्त सहा-आठ महिने देशाबाहेर जायचं ठरलं, तेव्हा आषाढात गाडी घेऊन आमच्या गावी, उंद्रीला आली आणि मागच्या सीटवरची पेटी उतरवून माझ्या हातात दिली. “मामा, तुमच्याशिवाय कुणावर सोपवणार?” पेटीत हातभर लांबीचं पिल्लू. तपकिरी अंगावर सोनेरी पट्टे, वजन ९८ ग्रॅम. बॉल पायथन. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा घट्ट चेंडू करतो, म्हणून हे नाव. माणसाने त्याला त्याच्या भीतीवरून ओळखलं आणि तेच नाव ठेवलं.

पेटीवर नोंदणीचा कागद चिकटवलेला आहे. आपला भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो. तो घरात ठेवणं गुन्हा आहे आणि शिक्षा ३ ते ७ वर्षांची कैद. पेटीतला हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. २०२२ च्या दुरुस्तीने अशा परदेशी जिवांसाठी वेगळी अनुसूची केली आणि २०२४ च्या नियमांनी त्यांची सरकारदरबारी नोंद सक्तीची केली. इथून ज्ञानगंगा अभयारण्याचं जंगल फार लांब नाही. गावातलं पोरगं पेटी बघून म्हणालं, “मामा, असाच एक वावरातून धरून आणू का?” त्याला समोर बसवून हे सगळं सांगितलं. मग सांगितलं की वावरातला साप आधीच घरी असतो.

खाऊ घालण्याचं काम वरून सोपं दिसतं. सात दिवसांतून एकदा, त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, आणि त्याच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून जाड नाही एवढा उंदीर. मेलेलाच. जिवंत उंदीर पेटीत सोडला तर कोपऱ्यात सापडलेला जीव चावणारच. सापाच्या डोळ्याला, पाठीला जखमा होतात. शिवाय त्या उंदराने भिंतीला पाठ लावून मरणाची वाट का पाहायची? भाचीने बर्फपेटीत गोठवलेले उंदीर मोजून ठेवलेत. आदल्या रात्री एक खाली काढायचा, दुसऱ्या दिवशी पिशवीत बांधून कोमट पाण्यात धरायचा, अंगाला ऊब आली की लांब चिमट्याने पुढे करायचा. हाताने कधी नाही. हाताला अन्नाचा वास लागला की हात आणि अन्न यांतला फरक त्याने का करावा?

ऊब महत्त्वाची, कारण तो डोळ्यांइतकाच ओठांनी बघतो. वरच्या ओठाच्या कडेने बारीक खळगे आहेत, त्यांतून त्याला समोरच्याची उष्णता कळते. थंड उंदीर म्हणजे त्याच्या लेखी दगड.

पहिल्यांदा घेतलं तो श्रावणातला एक गुरुवार. दिवा मालवलेला, दार लोटलेलं. जीभ दोनदा बाहेर आली, मान इंग्रजी ‘एस’ सारखी मागे गेली, आणि मला काही दिसायच्या आत उंदीर तीन वेढ्यांत होता. मेलेल्या उंदराला त्याने मारलं. रीत सोडली नाही. मग वेढे सैल करून डोकं शोधलं. डोक्याकडूनच गिळायचं, म्हणजे पाय आणि केस अंगासरशी झोपतात. त्याच्या खालच्या जबड्याची दोन हाडं पुढे एकमेकांना जुळलेली नसतात, ताणणाऱ्या धाग्यांनी बांधलेली असतात. डावी बाजू एक पाऊल पुढे, उजवी थांबते. मग उजवी पुढे, डावी थांबते. तोंड उंदरावरून चालत जातं. मधेच श्वासनळीचं टोक तोंडाच्या तळातून पुढे सरकलेलं दिसलं, म्हणजे घास तोंडात असतानाही श्वास चालू राहतो. शेपटीचं शेवटचं टोक आत गेल्यावर त्याने दोनदा जांभई दिली आणि जबडा जागच्या जागी बसवला. मी घड्याळात पाहिलं : अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत माझ्या मनात दुसरा विचार आला नाही. देवापुढे बसूनही मला हे कधी जमलं नव्हतं.

खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. मोठ्या बर्मी अजगरांवर अभ्यास झालाय : जेवणानंतर दोन-तीन दिवसांत त्यांचं हृदय सुमारे ४० टक्के वाढतं, आतडी फुगतात, सगळं शरीर त्या एका घासाच्या कामाला लागतं, आणि काम झालं की पुन्हा आवरतं. आपण जेवतो आणि उठून दुसऱ्या कामाला लागतो. तो जेवतो, तेव्हा जेवण हेच काम.

शेजारची आजी नागपंचमीला वाटी घेऊन आली. ज्वारीच्या लाह्या, फुटाणे आणि वाटीत दूध, वर साय. भिंतीवर गंधाने नाग काढून पूजा झाली होती, पण घरात खराच आहे म्हटल्यावर तिचे पाय इकडे वळले. पेटीपुढे बसून तिने हात जोडले. “काहो, लेकराला उपाशी काहून ठेवता? दोन थेंब पाजा की.” तिच्या आवाजात जी कळकळ होती, तिला मी चूक कशी म्हणू?

पण वाटी मी पेटीत ठेवली नाही. साप दूध पीत नाही. ते पचवण्याची सोय त्याच्या पोटात नाही. गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पिताना दिसतो, कारण त्याला त्याआधी कितीतरी दिवस पाण्यावाचून ठेवलेलं असतं. आपण ज्याला प्रसाद म्हणतो, ती त्याची तहान असते. दूध फुप्फुसात गेलं की पुढचे काही दिवस तो टोपलीत मरत राहतो, आणि पूजा करणाऱ्या घराला ते कधी कळत नाही. धामणीवरही आपण हेच लादलंय : गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते म्हणे. सापाचे ओठ ओढायच्या कामाचे नसतात, आत वळलेले दात असतात. कुठली गाय ते सडाला लागू देईल? तरी गोष्ट टिकली, कारण आपल्याला दूध गोड लागतं. जे आपल्याला गोड, ते जगाला गोड असं धरून चालणं हा प्रेमातला सर्वांत जुना आळस आहे.

आजीला मी एवढंच म्हटलं, की माय, याचं जेवण उंदीर. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मंग उंदीर द्या.” लाह्या तिने पेटीसमोर ठेवल्या, दूध माझ्या नातवाला दिलं.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बेनिन नावाचा देश आहे, तिथे ओइदा हे गाव. गावात अजगरांचं देऊळ आहे, आणि त्या देवळात आहे तो हाच अजगर, माझ्या पेटीतल्याचा भाऊबंद. लोक त्याला मान देतात, कुणी मारत नाही. अधूनमधून त्यांना देवळाबाहेर सोडतात. रात्री ते गावात हिंडून आपापलं भक्ष्य शोधतात, आणि सकाळी कुणाच्या घरात सापडले तर घरचे त्यांना उचलून परत देवळात आणतात. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. ज्यांनी त्याला देव मानलं, त्यांनी त्याच्यापुढे वाटी ठेवली नाही. दार उघडलं.

आमच्या गावाचं नाव उंद्री. नावातच उंदीर ऐकू येतो, आणि दिवाळीनंतर घराघरात तो ऐकू येतोच. सोयाबीनची पोती, तुरीची कोठी, माळ्यावरचं कुटार. त्यासाठी औषध मिळतं, चिकट पुठ्ठे मिळतात. पुठ्ठ्यावर चिकटलेला उंदीर सकाळपर्यंत जिवंत असतो. औषध खाल्लेला बाहेर जाऊन पडतो, त्याला घुबड उचलतं, धामण गिळते, आणि मग तेही पडतात. सापाच्या पोटात गेलेला उंदीर कुणाच्या तरी अंगी लागतो. विषाने मेलेला कुणाच्याच नाही. बर्फपेटीतल्या पांढऱ्या उंदरांकडे बघताना मला बरं वाटत नाही, ते वाटू नयेच. एक जीव वाढवायला दुसरे किती गेले, याचा हिशेब वहीत आपोआप पडत जातो. पंधरा गुरुवार, पंधरा उंदीर. ९८ ग्रॅमचे १७० झाले.

आणि मग थंडी आली.

पहिल्या ‘नाही’ला मी घाबरलो. उंदीर पुढे केला, त्याने जीभ लावली, तोंड फिरवलं आणि आपल्या मडक्याच्या खापराखाली जाऊन बसला. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रात्री भाचीचा फोन आला, ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मामा, तुम्ही त्याला नाही, स्वतःच्या काळजीला जेवू घालताय.”

ते खरं होतं. आमच्याकडे ‘जेवलास का’ हाच कुशलप्रश्न. पाहुणा आला की पानात आग्रहाने एक पोळी जास्त पडते, नको म्हणणाऱ्याचं नको आम्ही ऐकत नाही, ऐकलं तर माया कमी पडली असं वाटतं. माझी आई आजारी असताना शेवटचे पंधरा दिवस मी चमचा पुढे करायचो तेव्हा ती ओठ मिटून घ्यायची, आणि मी म्हणायचो, एक घास, माझ्यासाठी. माझ्यासाठी. ते दोन शब्द आता ऐकू येतात. तिने ते घास माझ्यासाठी घेतले, आणि प्रत्येक घासाला तिला त्रास झाला.

साप माझ्यासाठी काही खात नाही. त्याला आग्रह कळत नाही, रुसवा कळत नाही, मी दिवसभर पेटीजवळ बसलो होतो हेही कळत नाही. त्याला भूक कळते आणि ऊब कळते. या जातीचे साप थंडीच्या दिवसांत आठवडेच काय, महिनेही खात नाहीत, आणि धडधाकट राहतात. पाळणाऱ्याने करायचं ते एवढंच : पेटीची उबदार बाजू ३१-३२ अंशांवर आहे ना, दुसरी बाजू २६ च्या आसपास आहे ना, पाणी ताजं आहे ना, लपायला जागा आहे ना, हे बघायचं, वजन करायचं, आठवडाभर थांबायचं. वजन दहावा हिस्सा उतरलं तर सापांची माहिती असलेला पशुवैद्य गाठायचा. तोवर नाही म्हणजे नाही.

ऊब राखणं इथे सोपं नाही. पौषात रात्री बाहेर पारा दहा-बारावर येतो आणि वीज तिच्या वेळेने जाते. गार पेटीत पोटातलं अन्न पचत नाही, सडतं, मग साप ते उलटून टाकतो, आणि एकदा उलटलं की दोन आठवडे काही द्यायचं नाही. म्हणून मी इन्व्हर्टर घेतला, आणि तोही बसला तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेरून लावतो. रात्री दोनला उठून बाटली बदलताना लक्षात आलं, की खाऊ घालणं म्हणजे घास देणं नव्हे. घास घ्यावासा वाटेल अशी जागा करून ठेवणं. पेरणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको. बी उगवत नाही म्हणून कुणी ते रोज उकरून बघत नाही.

अशी जागा न करताच साप हवे असणारेही असतात. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांतून ९ बॉल पायथन निघाले, सोबत २ कॉर्न स्नेक. माणसाच्या खाऊच्या पुड्यात कोंबलेली पिल्लं. त्यांना शेवटचं कुणी, कधी खायला दिलं असेल? कुणाला तरी ती हौस म्हणून हवी होती, एवढंच त्या पुड्यांवर लिहिलेलं होतं.

हौसेचं आयुष्य एक-दोन वर्षं. या सापाचं नीट ठेवला तर वीस-तीस सहज. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली. तेव्हा तिचं वय किमान ६२ धरलं गेलं. ज्याने तिला लहानपणी पहिला उंदीर दिला असेल, तो माणूस आज असेल का? मी साठीत आहे. पेटीतलं हे पिल्लू माझ्या पाठीमागे राहणार आहे, भाचीच्याही म्हातारपणात कदाचित. म्हणून कुणी मला विचारलं, की मामा, असं पिल्लू घ्यावं का, तर मी आधी वय विचारतो, विचारणाऱ्याचं.

सहावा गुरुवार. उंदीर कोमट केला, दिवा मालवला. जीभ आली, गेली. मी चिमटा हलवला नाही. बाहेर आजी ओसरीवर बसली होती. तिने आवाज न करता डोळ्यांनीच विचारलं, खाल्लं का?

वहीत लिहिलं : वजन १६६. नाही.

पुढचा गुरुवार संक्रांतीनंतरचा आहे.