उंबरठ्याच्या आतील स्वातंत्र्य

मनुष्य आपल्या घरात, आपल्या हाताने, आपल्यापुरते जे करतो त्याचा जाब इतरांनी विचारावा काय? हा प्रश्न जुना आहे. परंतु उन्हाळ्यासाठी घरी हलकी बिअर करण्याच्या पाश्चात्त्य छंदाच्या निमित्ताने तो जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच दिसत असेल.

या छंदाची कृती साधी आहे. मोड आणून वाळवलेला जव भरडून सुमारे 66 अंश सेल्सियस उष्ण पाण्यात तासभर ठेवला, म्हणजे त्यातील पिष्टाची साखर होते. तो गोड काढा गाळून हॉप्सच्या कडवट फुलांसह उकळावयाचा, त्वरेने निववावयाचा व यीस्ट घालून गार जागी एक-दोन आठवडे आंबू द्यावयाचा. बाटल्यांत भरल्यावर पुन्हा तितकीच वाट पाहावयाची. धान्य बेताचे घातले की मद्यांश शेकडा 3 ते 4 इतकाच राहतो. बेल्जियमच्या वालोनिया प्रांतातील शेतकरी असे पेय थंडीत करून ठेवीत व उन्हाळ्यात शेतमजुरांस देत. त्याचे नावच ‘सेझाँ’, म्हणजे ऋतू.

एवढ्या निरुपद्रवी भासणाऱ्या उद्योगाचाही राज्यसंस्थेने हिशेब ठेवला. इंग्लंडात 1880 पासून घरी बिअर करणारासही कायद्याने परवाना लागे. तो 1963 मध्ये रद्द झाला. अमेरिकेत दारूबंदी 1933 मध्ये उठली, परंतु घरगुती बिअरला मध्यवर्ती सरकारची मोकळीक 1978 च्या कायद्याने मिळाली: एका प्रौढाच्या घरास वर्षाला 100 गॅलन, अधिक प्रौढ असल्यास 200, विक्री मात्र निषिद्ध. आपल्या महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अद्याप लागू असून परवान्यावाचून मद्य करणे हा गुन्हा आहे.

व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी जॉन स्टुअर्ट मिल याने 1859 च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले, की ज्या वर्तनाचा संबंध केवळ कर्त्याशी आहे त्यात समाजाने हात घालू नये. दारूबंदीच्या कायद्यांसही त्याचा विरोध होता. या तत्त्वाचे मोल आम्ही जाणतो. परंतु घर म्हणजे ‘स्व’ नव्हे, ही गोष्ट त्याचे नाव घेणारे पुष्कळदा विसरतात. उंबरठ्याच्या आत पत्नी असते, मुले असतात, वृद्ध मातापिता असतात. व्यसनापायी कुटुंबाचे पोषण न करणारा मनुष्य दंडास पात्र होऊ शकतो, मात्र तो कर्तव्यभंगासाठी, हे खुद्द मिलनेही मान्य केले आहे.

कोणी म्हणेल, जे स्वतः श्रमून केले व ज्यासाठी महिनाभर थांबलो, त्याचा उपभोग मनुष्य संयमानेच घेतो. हे अर्धसत्य आहे. वाट पाहण्याने धीर येतो. मर्यादा येतेच असे नाही. एका खेपेस वीसेक लिटर पेय सिद्ध होते, आणि दुकानाचे अंतर व किंमत हे दोन्ही अडसर त्याच क्षणी नाहीसे होतात. मग पेल्यावर पहारा उरतो तो केवळ मनाचा.

म्हणून आमच्या मते या स्वातंत्र्याची खरी कसोटी गॅलनांच्या मापात नाही. घरातील ज्या व्यक्तीस ‘नको’ म्हणणे सर्वांत कठीण, तिला ते निर्भयपणे म्हणता येते काय व तिचे म्हणणे ऐकले जाते काय, ही ती कसोटी होय. जेथे कायदा आड येतो तेथेही हाच न्याय लागू पडतो. कायदा अन्यायाचा वाटल्यास तो बदलण्याची मागणी उघडपणे करावी. चोरून केलेल्या पेयाने मुले प्रथम शिकतात ती लपवाछपवी. सरकारचा शिपाई उंबरठ्याबाहेर थांबला, तर आतील न्यायाची जबाबदारी कमी होत नाही. ती सर्वस्वी आपल्यावर येते. जो ती पत्करील त्यालाच हे स्वातंत्र्य शोभते.