कापाची वेळ

मुंबईला सहार विमानतळावर नवं टर्मिनल उभं राहत होतं तेव्हा मी रात्रपाळीला एप्रनवर होतो. एप्रन म्हणजे विमानं उभी राहतात ती फरसबंदी. जुनं टर्मिनल चालूच होतं. त्याच्या कडेने, मग त्याच्याच जागेवर, टप्प्याटप्प्याने काम सरकत गेलं. नवं टर्मिनल २०१४च्या फेब्रुवारीत प्रवाशांसाठी उघडलं.

धावपट्टी डांबरी, मग एप्रन काँक्रीटचं का, असं नवी पोरं विचारायची. सांडलेल्या इंधनाने डांबर विरघळतं, आणि मे महिन्याच्या उन्हात तासन्‌तास उभ्या असलेल्या विमानाच्या चाकांखाली ते दबतं.

काँक्रीट दबत नाही, पण थांबतही नाही. गेटवर पास, झडती, पुढे वाट दाखवणारी जीप. तोवर मिक्सर गाडीच्या ड्रममधला माल घट्ट होऊ लागलेला. ड्रायव्हर हळूच विचारायचा, "साहेब, एक बादली मारू का?" पाणी घातलं की माल पसरतो छान, ताकद मात्र जाते. कितीतरी गाड्या मी तशाच परत पाठवल्या आणि शिव्या खाल्ल्या. बाहेरच्या कामावर फरशीवर ओली गोणपाटं टाकतो. इथे उडालेलं गोणपाट थेट इंजिनात जायचं, म्हणून क्युरिंगचं पांढरं रसायन फवारायचं.

खरी कसोटी सांध्यांच्या कापाची. लवकर कापलं तर ब्लेड खडी उपटतं. उशीर झाला तर आकसणारं काँक्रीट आपल्या मर्जीने चिरतं. एका एप्रिलमध्ये मध्यरात्रीनंतर माल ओतला. सकाळी कटर घेऊन गेलो तर शेजारच्या जागेवर विमान येणार होतं, आम्हाला मागे हटवलं. ते आलं, रिकामं झालं, पुन्हा भरलं, गेलं. दुपारी फरशीवर केसाएवढी रेघ दिसली, आडवी, आम्ही आखलेल्या सांध्यापासून चांगली हातभर लांब. दोष विमानाचा नव्हता. वेळापत्रक आदल्या संध्याकाळीच माझ्या खिशात होतं. नऊपर्यंत उरकेल असं मी धरून चाललो होतो. फरशी काढावी लागली. तीही घणाने नाही, शेजारच्या फरशा दुखावतात. पूर्ण जाडीचे काप घेऊन तुकडे क्रेनने उचलले.

पहाटे अवजारं मोजायची. २००० साली पॅरिसला कॉन्कॉर्ड पेटलं ते धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीने टायर फाटून, हे आमच्या मुकादमाला कुणीतरी सांगितलं होतं. त्यानंतर तारेचा तुकडासुद्धा तो खिशात घालायचा. एकदा एक थापी कमी भरली. दहाबारा जण ओणवे होऊन पाऊण तास बॅटरीच्या उजेडात शोधत होतो. थापी निघाली मुकादमाच्याच कमरेला खोवलेली.

परवा मुलीकडे निघालो होतो, खिडकीशी बसलो. विमान मागे ढकललं जात असताना खाली पावसाने ओले झालेले सांधे सरकत होते. आमची फरशी कुठली, ओळखू येईना. मी काचेला नाक लावून बसलेला पाहून शेजारचा म्हणाला, "काका, काही पडलं का खाली?"